गूगल अर्थचा फोटो आणि उपग्रहाचा डेटा: एक नव्हेत हो!

पाणलोटाच्या कामाचं सादरीकरण म्हटलं की दोन फोटो शेजारी शेजारी येतातच. डावीकडे करपलेला डोंगर, उजवीकडे तोच हिरवागार. मग टाळ्या. मी टाळ्यांच्या आधी तारखा विचारतो. डावीकडचा निघतो मे महिन्यातला, उजवीकडचा ऑक्टोबरातला. अहो, ऑक्टोबरात माणदेशातला कुदळही न लागलेला डोंगर हिरवाच असतो!

हे फोटो बहुतेकदा गूगल अर्थवरून उचललेले, आणि खाली ऐटीत लिहिलेलं 'सॅटेलाइट डेटा'. गूगल अर्थ काय ते सांगत बसत नाही. आपल्या घराचं छप्पर सगळ्यांनी शोधून झालंय. नालाबांध मोजायचे, समतल चर खरंच खणलेत का बघायचं, गटाची हद्द आखून केएमएल (हद्दीची नकाशा-फाइल) काढायची, याला ते झकास. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाच्या डेटात चर दिसायचा नाही, त्याचा सगळ्यात बारीक पिक्सेलच 10 मीटरचा. फुकट दोन्ही आहेत. हा फरक एवढाच.

खरी गोची पुढे आहे. 'गूगल अर्थ जास्त क्लिअर दिसतं, मग त्यावरूनच एनडीव्हीआय (हिरवाई मोजायचा निर्देशांक) काढू की!' असं प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी म्हणतंच. नाही निघत. ते चित्र आहे: वेगवेगळ्या दिवशी टिपलेले तुकडे जोडलेलं, डोळ्याला बरं दिसावं म्हणून रंग जुळवलेलं. स्क्रीनशॉट घेतलात की हातात लाल, हिरवा, निळा एवढेच उरतात, 0 ते 255. एनडीव्हीआयला लागतो तो निअर-इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा पट्टा त्यात नाहीच. पान हिरवं आहे की नुसतं हिरव्या रंगाचं शेडनेट, हे तोच पट्टा सांगतो.

सेंटिनेलच्या फाइलीत रंग नसतात, माप असतं. अमुक दिवशी, अमुक पट्ट्यात, त्या तुकड्यावर पडलेल्या प्रकाशातला किती हिस्सा परतला, ते 10000 ने गुणून लिहिलेलं. समजा उसाच्या फडातल्या एका पिक्सेलला लाल पट्ट्यात 400 आणि निअर-इन्फ्रारेडमध्ये 3600 आहे. वजाबाकी 3200, बेरीज 4000, भागाकार 0.8, हाच एनडीव्हीआय. शेजारच्या नांगरलेल्या रानात 1800 आणि 2400 असेल तर 600 भागिले 4200, म्हणजे जेमतेम 0.14. असे आकडे असले की गेल्या वर्षीचा मे आणि यंदाचा मे समोरासमोर ठेवता येतो. सोबत दोन्ही वर्षांचा पाऊस आणि काम न झालेलं शेजारचं एखादं गावही ठेवा, नाहीतर श्रेय ढगांचं आणि सत्कार आपला. आणि मे महिन्यात हिरवं वाढलेलं दिसलं तर हुरळून जाण्याआधी बोअरवेल मोजा. पाणी मुरलं म्हणून हिरवं झालं की उपसलं म्हणून, हे उपग्रह सांगत नाही.

माप आहे म्हणजे डोळे झाकून वापरा, असं मात्र नाही. युरोपीय अवकाश संस्थेनं 25 जानेवारी 2022 पासून प्रक्रिया केलेल्या फाइलींत प्रत्येक आकड्यात 1000 मिळवायला सुरुवात केली. म्हणजे वरचाच ऊस आता 1400 आणि 4600 वाचला जातो. वजाबाकी तीच 3200, बेरीज मात्र 6000, उत्तर 0.53. माझ्याकडच्या एका मुलानं एवढ्यावरून आख्खा फड वाळल्याचा अहवाल लिहिला होता. फडात जाऊन बघितलं तर ऊस डोक्याच्या वर. फाइलच्या नावात 'एन'पुढे 0400 किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही पट्ट्यांतून आधी 1000 वजा करा. गूगलच्या अर्थ इंजिनवर (हे गूगल अर्थ नव्हे, उपग्रहाचा डेटा ऑनलाइन हाताळायची सेवा) काम करत असाल तर नावात 'हार्मोनाइज्ड' असलेला संच घ्या, ही वजाबाकी त्यात झालेली असते.