कारंजाचं स्टेशन का बंद पडलं?

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडच्या स्टेशनाचा विषय निघाला की बोलणं लगेच 'शकुंतला'च्या, म्हणजे इथून धावणाऱ्या छोट्या रुळांवरच्या गाडीच्या आठवणींवर जातं. त्या आठवणी खऱ्याच आहेत, पण गाडी का थांबली ते त्यातून कळत नाही. त्यासाठी आधी कापसाचा बाजार पाहावा लागतो.

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा भाव वाढला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली मोठी रेल्वे मूर्तिजापूरवरून पुढे जात 1867 मध्ये नागपूरला पोचली. कारंजा मात्र या मार्गापासून दूर राहिलं. तरीही इथली उलाढाल एवढी होती की 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथल्या इंग्रज रेसिडेंटच्या कचेरीच्या आदेशाने कारंजाचा कापूस बाजार नियंत्रित झाला, म्हणजे खरेदी-विक्री ठरलेल्या नियमांखाली आली. देशातला हा पहिला नियंत्रित बाजार. आजच्या बाजार समित्यांची सुरुवात इथून मोजली जाते, आणि ही गोष्ट गावाने अभिमानाने सांगावी अशीच आहे.

त्या बाजाराला रूळ मिळायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली. किलिक निक्सन या मुंबईच्या इंग्रज व्यापारी पेढीने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. तिने मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला आणि दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला नेला. पुलगाव-आर्वी मार्गही तिचाच. दोन रुळांमधली रुंदी अवघी 762 मिलिमीटर, म्हणजे बांधायला स्वस्त. पण या स्वस्ताईची किंमत मूर्तिजापूरला मोजावी लागे. रुंदी वेगळी, त्यामुळे लहान वाघिणीतून (मालडब्यातून) आलेली प्रत्येक गाठ उतरवून मोठ्या वाघिणीत चढवायची. हे काम हमालांच्या पाठीवर होई. इथली रुई मँचेस्टरच्या दिशेने जायची आणि पुढे या मार्गावर धावलेलं, 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन मँचेस्टरहूनच आलं! 1994 पर्यंत ते चाललं, मग डिझेल आलं.

खरा घोळ मालकीचा आहे. रूळ कंपनीचे, गाडी चालवायची दुसऱ्याने, असा करार होता. आधी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे (मुंबई-नागपूर मार्गवाली तीच) आणि 1951 नंतर मध्य रेल्वे ही गाडी चालवत राहिली. देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, हा मार्ग कराराखाली कंपनीकडेच राहिला. परक्याच्या रुळावर पैसा ओतायला रेल्वे तयार नाही आणि कंपनीला दुरुस्तीत रस नाही. स्लीपर कुजत गेले, वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास उतरला.

दरम्यान ज्या मालासाठी गाडी आली तो मालच निघून गेला. ट्रक थेट जिनिंग गिरणीच्या दारात उभे राहू लागले, 1972 मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच घ्यायची पद्धत आली आणि व्यापाराच्या जुन्या वाटा बदलल्या. उरले ते प्रवासी: शेतमजूर, बाजाराला निघालेल्या बाया, शाळकरी पोरं. एसटीपेक्षा तिकीट स्वस्त, म्हणून ते वेळ घालवून बसत. गाडीवर कर्मचारी इतके कमी की फाटक आलं की गाडीतलाच कर्मचारी उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पुढे काढून घ्यायची, फाटक उघडायचं आणि पुन्हा चढायचं. तिकीटसुद्धा गाडीवरचीच माणसं फाडत. एवढ्या तुटपुंज्या बळावर त्यांनी ही सेवा चालू ठेवली, याची दखल फार कमी घेतली गेली.

गेल्या दशकाच्या उत्तरार्धात रुळाची अवस्था धोकादायक ठरली आणि गाड्या थांबल्या. गाडी प्रवाशांअभावी बंद पडली, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. प्रवासी होते. त्यांच्यासाठी रूळ कोणी बदलायचे, हे शंभर वर्षांत ठरलं नाही.

2016 च्या सुमारास हा मार्ग ब्रॉडगेज करण्याची घोषणा झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावर वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली, पण कारंजा त्या मार्गावर नाही. कारंजाला गाडी हवी असेल तर ती याच जुन्या मार्गाच्या रुंदीकरणातून मिळेल, आणि म्हणून कारंजाकरांनी गाडीसाठीच्या निवेदनात आधी या जमिनीच्या आणि रुळांच्या मालकीचा निकाल मागायला हवा.