बरिस्ता स्पर्धेचा अर्ज: पात्रता काय, कागद कोणते आणि गाडी कुठे अडते

बरिस्ता म्हणजे कॅफेत कॉफी बनवून देणारा. त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अर्ज भरायला दहा मिनिटं पुरतात. त्यामागचे कागद जमवायला मात्र कधीकधी दोन महिने जातात, आणि हातात उत्तम कसब असलेली मुलं नेमकी तिथेच गळतात. म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

जागतिक बरिस्ता अजिंक्यपद स्पर्धा २००० साली मोंटे कार्लोमध्ये सुरू झाली. तिथे कुणालाही थेट अर्ज करता येत नाही. प्रत्येक देशात परवाना मिळालेली एक संस्था राष्ट्रीय स्पर्धा घेते आणि तिचा विजेता जगासमोर उभा राहतो. त्यामुळे तुमचा अर्ज जातो तो या राष्ट्रीय संस्थेकडे. प्रवेश शुल्क, शेवटची तारीख आणि फेऱ्यांची शहरं ती दरवर्षी नव्याने जाहीर करते. गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका. हे सगळं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असंही समजू नका. नागपूरच्या मिथिलेश वझलवार यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आहे. शिवाय कॉफी पिकवणारे देशही आता जग जिंकतात: २०११ मध्ये एल साल्वाडोर, २०२३ मध्ये ब्राझील, २०२४ मध्ये इंडोनेशिया. चिकमगळूर आणि कोडगूची कॉफी रोज हाताळणाऱ्या मुलांनी मागे का राहावं?

पात्रतेच्या अटी थोड्या आहेत, पण पक्क्या आहेत. वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. ज्या देशाकडून उतरायचं त्याचा वैध पासपोर्ट हवा, किंवा त्या देशात २४ महिने राहिल्याचा, नोकरी केल्याचा अथवा शिकल्याचा पुरावा हवा. परदेशातल्या मराठी मुलांनी ही दुसरी वाट नीट वाचावी. मेलबर्नच्या कॅफेत दोन वर्षं काम केलेली पुण्याची मुलगी भारतीय पासपोर्टवर भारताकडून उतरू शकते, तशीच नोकरीच्या कागदांवर ऑस्ट्रेलियाकडूनही. एका हंगामात मात्र एकच देश निवडावा लागतो. कोर्सचं प्रमाणपत्र, हॉटेल मॅनेजमेंटची पदवी किंवा मोठ्या कॅफेतली नोकरी यांतलं काहीही सक्तीचं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण 'माझ्याकडे सर्टिफिकेट नाही' म्हणून अर्जच न भरलेली मुलं मी पाहिली आहेत.

खरी अडचण पासपोर्टची. राष्ट्रीय फेरी जिंकल्यावर काढू, असं म्हणणाऱ्याला पुढे व्हिसासाठी वेळच उरत नाही. तेव्हा स्पर्धेचा विचार मनात आला की आधी पासपोर्टच्या मागे लागा. आपल्याकडे नेहमीचा घोळ नावाचा असतो. आधारवर मधे वडिलांचं नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, बँकेत नुसती आद्याक्षरं. एका मुलाचे कागद मी टेबलावर ओळीने मांडले, तर चार कागदांवर एकाच माणसाची तीन नावं निघाली. पासपोर्टचा अर्ज करण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या, आणि स्पर्धेच्या अर्जातही पासपोर्टवर आहे तस्संच नाव लिहा. दहावीचं प्रमाणपत्र जपून ठेवा. ते दाखवता आलं नाही तर पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शेरा येऊ शकतो.

अर्जावर एक वाक्य असतं, 'नियम वाचले आणि मान्य आहेत'. तिथे खूण करण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका उतरवून घ्या आणि खरोखर वाचा. १५ मिनिटांत चार परीक्षकांना १२ पेयं द्यायची असतात: चार एस्प्रेसो (मशीनच्या दाबाने काढलेली छोटी, कडक कॉफी), चार दुधाची, चार तुमची स्वतःची सिग्नेचर पेयं. त्याआधी तयारीला आणखी १५ मिनिटं मिळतात. पेयं द्यायला उशीर झाला की दर सेकंदाला एक गुण कापला जातो आणि १६ मिनिटं ओलांडली की बाद. एस्प्रेसो मशीन आयोजकांचं असतं. कॉफी, दूध, कप, टॅम्पर (कॉफीची पूड दाबून बसवायचं साधन), फडकी आपली. दुधाच्या पेयात २०२३ पासून वनस्पतिजन्य दूधही चालतं.

आता ज्या कागदांकडे कुणी लक्ष देत नाही ते: सिग्नेचर पेयाच्या सामानाची बिलं आणि मूळ वेष्टनं. परीक्षकांनी विचारलं तर प्रत्येक घटक सांगावा लागतो आणि शंका आली तर पुरावा दाखवावा लागतो. वाण्याकडून सुटा गूळ किंवा कोकम आगळ आणलंत तर साध्या कागदावर का होईना, बिल मागून घ्या. जमलं तर सीलबंद पाकिटच घ्या. नियम सांगतो की पेयात मद्य नको, मद्यातला अर्कही नको. सापडला तर त्या पेयाला शून्य. आमच्याकडे सराव करणाऱ्या एका मुलाने व्हॅनिलाची छोटी बाटली आणली होती. पेय अप्रतिम जमलं होतं. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली, तर घटकांत अल्कोहोल. पाककृती नव्याने बसवायला त्याच्याकडे आठ दिवस होते. त्याने व्हॅनिलाची शेंग उभी चिरून साखरेच्या पाकात मुरवली, शेंगांचं बिल फाइलला लावलं, आणि मगच अर्ज पाठवला.