रेसिड्यू क्रमांक म्हणजे इंडेक्स नव्हे

बायोकेमिस्ट्री शिकता शिकता पायथन हाती घेणाऱ्यांच्या कोडमध्ये एक ओळ हमखास सापडते: रेसिड्यूच्या, म्हणजे प्रोटीनच्या साखळीतल्या अमिनो आम्लाच्या, क्रमांकातून एक वजा. का, तर ‘पायथन शून्यापासून मोजतं’. मोजतं, खरंय, पण या घोळातला तो सगळ्यात सोपा भाग.

इंडेक्स ही यादीतली जागा. यादी बदलली की तीही बदलते. रेसिड्यू क्रमांक ही ओळखपट्टी आहे. फक्त आकड्यात लिहिलेली, म्हणून तिची बेरीज-वजाबाकी करायचा मोह होतो.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी घ्या. सिकल सेलमध्ये ६व्या ग्लुटामेटच्या जागी व्हॅलीन, हे पाठच असतं. पण हा ६ सुरुवातीचं मेथिओनीन गेल्यानंतरचा. युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसमधल्या सीक्वेन्समध्ये (अमिनो आम्लांच्या क्रमात) ते मेथिओनीन असतं, म्हणून तिथे तोच रेसिड्यू ७वा. त्या सीक्वेन्सवर इंडेक्स ६ मागितला तर बरोबर रेसिड्यू मिळतो, कारण मेथिओनीनचा एक आणि शून्याचा एक परस्पर फिटतात. इथे ‘एक वजा’ केलंत की हाती येतं प्रोलीन. मेथिओनीन नसलेल्या सीक्वेन्सवर मात्र इंडेक्स ५ हवा. तिथे चुकून ६ दिलात तर शेजारचा ७वा मिळतो, आणि नेमका तोही ग्लुटामेटच! ‘ग्लुटामेट आहे ना’ ही तपासणी पास होते, एरर येत नाही, आणि म्युटेशन भलत्यावर. म्हणून एकाच रेसिड्यूवर विसंबू नका. डावीकडे प्रोलीन आहे का तेही तपासा.

पीडीबी फाइलमध्ये, म्हणजे प्रोटीनची त्रिमितीय रचना नोंदवलेल्या फाइलमध्ये, तर वजाबाकीचा आग्रह धरणं म्हणजे हट्टच. कायमोट्रिप्सिन या पाचक एन्झाइमची बी साखळी १६पासून सुरू होते, त्यामुळे हिस्टिडीन ५७चा तिच्यातला इंडेक्स ४१. सेरीन १९५ सी साखळीत, जी १४९पासून सुरू होते. तिथे इंडेक्स ४६. त्याच्यासारख्याच ट्रिप्सिनला क्रमांक कायमोट्रिप्सिनचेच दिलेले, म्हणून मधले काही आकडे गाळलेले आणि १८४ए, १८८एसारखे काही घुसवलेले (मागचं अक्षर म्हणजे इन्सर्शन कोड). शिवाय क्रिस्टलमध्ये न दिसलेले रेसिड्यू फाइलच्या अणूंमध्ये नसतातच. त्यांची यादी ‘रिमार्क ४६५’मध्ये असते, आणि ती कुणी वाचत नाही.

बायोपायथन या पायथन लायब्ररीत साखळीला चौकटी कंसात ५७ दिलं की ५७ क्रमांकाचा रेसिड्यू मिळतो. त्याच साखळीची लिस्ट करून ५७ मागितलं की ५८वी वस्तू, मग ती कुठलीही असो. साखळीत पाण्याचे रेणूही धरलेले असतात, तेव्हा लांबी मोजण्याआधी ते गाळा. १८४एसाठी नुसता आकडा चालत नाही. हेटेरो खूण (साधा रेसिड्यू, पाणी की दुसरा रेणू ते सांगणारी), क्रमांक आणि इन्सर्शन कोड असा तिघांचा टपल द्यावा लागतो.



क्रमांकांवर गणित करूच नये. फाइल वाचतानाच साखळी, क्रमांक आणि इन्सर्शन कोड मिळून किल्ली असलेली एक डिक्शनरी बनवा आणि पुढे सगळीकडे तीच वापरा. युनिप्रॉटचा क्रमांक पीडीबीच्या क्रमांकाशी जुळवायचा असेल तर सिफ्ट्स या डेटाबेसची तयार मॅपिंग फाइल घ्या.