सॅटिन फिनिश (इलेक्ट्रिक गिटार)

इलेक्ट्रिक गिटारच्या चकचकीत लेपाची चमक घासून उतरवली की मिळते ती मंद, रेशमी झळाळी म्हणजे सॅटिन फिनिश. घरी हे काम पूर्ण गिटारवर क्वचितच केले जाते, बहुधा फक्त नेकच्या (तारांखालच्या लांब दांड्याच्या) पाठीवर होते. चकचकीत लेपावर घामट तळवा चिकटतो आणि वरच्या पट्ट्यांकडे सरकताना अंगठा अडतो. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत वाजवणाऱ्यांना हा त्रास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. प्रसिद्ध रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांना तर लॅकरच (लाकडावरचा पारदर्शक लेपच) नसलेला, उघड्या लाकडाचा नेक पसंत होता. सॅटिन करताना मात्र लाकूड उघडे पडत नाही, लेप जागेवरच राहतो.

गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परततो. त्यावर अतिशय बारीक आणि एकसारखे ओरखडे पाडले की तो विखुरतो. त्यामुळे सगळे कौशल्य एकसारखेपणात आहे. कारखान्यात हाच परिणाम लॅकरमध्ये सिलिकाची बारीक पूड मिसळून साधतात. फर्निचर पॉलिशवाल्यांकडच्या मॅट मेलामाइनमागेही तेच तत्त्व आहे.

आधी लेप कोणता ते ओळखावे. नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२० च्या दशकात मोटारगाड्यांच्या रंगकामातून रुळले आणि गिटार बनवणारी गिब्सन कंपनी ते आजही वापरते. ते पातळ असते. फेंडर या दुसऱ्या गिटार कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएस्टरचे जाड थर वापरायला सुरुवात केली. आजच्या बहुतेक स्वस्त गिटारांवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन असते आणि नवशिक्याने हात बसवायला तेच बरे. पिकगार्डखाली (बॉडीवर ओरखडे पडू नयेत म्हणून बसवलेल्या प्लास्टिकच्या पट्टीखाली), नजरेआड, अॅसिटोनचा एक थेंब लावून पाहावा. नायट्रो विरघळून चिकट होते, पॉलिएस्टर तसेच राहते.

तारा काढाव्यात. नेक स्क्रूने बसवलेला असेल तर सोडवून घ्यावा. जुने मेण व सिलिकॉनयुक्त पॉलिश नॅफ्थाने (पेट्रोलजन्य द्रावकाने) पुसून काढावे, नाहीतर घासणी सरकते आणि ठिगळे दिसतात. फ्रेटबोर्डवर (बोटे दाबतात त्या नेकच्या पुढच्या बाजूवर) आणि हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाच्या) नावावर मास्किंग टेप लावावी.

घासायला चार शून्यांचे (०००० क्रमांकाचे) स्टील वूल हे जुने साधन. त्याचा परिणाम सुंदर असतो, पण झडणारे पोलादी कण पिकअपच्या (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाच्या) चुंबकांना चिकटतात आणि मग निघता निघत नाहीत. म्हणून बॉडीवर काम करताना पिकअप पूर्ण झाकावेत. त्याहून शहाणपणाचे म्हणजे करड्या रंगाचे कृत्रिम अपघर्षक पॅड वापरावे, त्यात लोखंडच नसते. स्वयंपाकघरातील हिरवी घासणी चालत नाही, तिचे ओरखडे डोळ्यांना दिसतात. वॉटर पेपर वापरायचा असल्यास १००० ते १५०० क्रमांकाचा घ्यावा. २००० च्या पुढे पृष्ठभाग पुन्हा चमकू लागतो. पाणी जपून वापरावे. स्क्रूच्या भोकांत ते मुरले की लाकूड फुगते आणि लेपाला तडे जातात.

हात नेकच्या लांबीच्या दिशेने, सरळ आणि हलका फिरवावा. गोलाकार घासल्यास तिरप्या उजेडात वर्तुळे उठून दिसतात. मधूनमधून पुसून नेक खिडकीसमोर तिरपा धरावा. चमकणारे ठिपके राहिलेले तिथेच कळतात. खरा धोका कडांचा. बॉडीच्या शिंगांवर (नेकशेजारच्या टोकांवर) आणि कोपर टेकते त्या उतारावर दाब एकवटतो आणि लेप पटकन संपतो. सनबर्स्ट (मध्यभागी फिकट आणि कडांकडे गडद होत जाणाऱ्या रंगाच्या) गिटारमध्ये रंग लॅकरच्या थरातच असतो, त्यामुळे घासणी आरपार गेली की रंगही जातो आणि ती जागा घरी जुळवणे जवळपास अशक्य असते. जुन्या, मूळ लेपाच्या गिटारला तर हातच लावू नये. संग्राहकांच्या दृष्टीने तिची निम्मी ओळख त्या लेपात असते.

सॅटिन कायम टिकत नाही. अंगठा आणि दंड जिथे रोज घासतात तिथे काही महिन्यांत चमक परत येते. मग पॅडचे चार हात पुन्हा फिरवावे लागतात. मन बदलले तर रबिंग कंपाउंडने पूर्ण चकाकीही आणता येते, पण प्रत्येक फेरीत लेप थोडा पातळ होतो.