अमेरिकेत गांजा व्यवसायाचा परवाना: राज्यागणिक बदलणारी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

अमेरिकेत गांजाच्या व्यवसायासाठी देशभर चालेल असा एकही परवाना नाही. फेडरल (केंद्रीय) कायद्याने १९७० साली गांजा सर्वांत कडक यादीत, म्हणजे शेड्यूल १ मध्ये टाकला. पुढे एकेका राज्याने आपापल्या हद्दीपुरता वेगळा कायदा केला. त्यामुळे कोलोरॅडोचा परवाना शेजारच्या न्यू मेक्सिकोत कामाचा नाही. दोन्ही राज्यांत परवाना असला तरी माल एका राज्यातून दुसऱ्यात नेणे हा फेडरल गुन्हाच आहे. म्हणून अर्जदाराने आधी राज्य ठरवावे, मग गाव, मग परवान्याचा प्रकार आणि सर्वांत शेवटी जागा. पैसे बुडतात ते बहुधा हा क्रम उलटा धरल्याने: आधी गाळा भाड्याने घेतला जातो आणि नियम नंतर वाचले जातात.

सर्वांत आधी स्वतःचा इमिग्रेशन दर्जा तपासा

न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी अर्जदारांसाठी हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या आधी येतो. राज्याच्या अर्जात नागरिकत्वाची अट नसली म्हणजे धोका नाही, असे मुळीच नाही. इमिग्रेशन हा फेडरल विषय आहे. १९ एप्रिल २०१९ रोजी युएससीआयएसने, म्हणजे नागरिकत्व आणि इमिग्रेशनचे अर्ज पाहणाऱ्या फेडरल खात्याने, धोरण स्पष्ट केले: गांजाशी संबंधित काम राज्याच्या कायद्यात बसत असले तरी ते नागरिकत्वासाठी लागणाऱ्या 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकते. ग्रीन कार्डधारकाने दुकानात पगारी नोकरी केली तरी हा प्रश्न उभा राहू शकतो, मग मालकीबद्दल तर बोलायलाच नको. परदेशातून परत येताना 'अमली पदार्थांच्या व्यापारात सहभाग असल्याचे मानण्यास कारण आहे' एवढ्यावर, शिक्षा झालेली नसतानाही, प्रवेश नाकारण्याची तरतूद कायद्यात आहे. एच-१बीवर असाल तर विषय इथेच थांबवा. ग्रीन कार्ड असेल तर भागीदारीच्या कागदावर सही करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा लेखी सल्ला घ्या. 'आपण फक्त पैसे घालतोय, नाव नाही' हा मार्ग अधिकच घातक आहे, कारण जवळपास प्रत्येक राज्य पैशाचा मूळ मालक शोधते.

राज्ये परवाने कसे वाटतात

राज्याराज्यातला खरा फरक शुल्कात नसून संख्येत आणि रचनेत आहे. किती परवाने द्यायचे आणि एका मालकाने कोणती कामे एकत्र करायची, हे प्रत्येक राज्य वेगळे ठरवते.

फ्लोरिडा एका टोकाला आहे. तिथे फक्त वैद्यकीय गांजा चालतो. २०२४ मधल्या सार्वमतात सर्व प्रौढांसाठी विक्री खुली करण्याच्या बाजूने बहुमत पडले, पण लागणारी ६० टक्के मते मिळाली नाहीत. फ्लोरिडात लागवड, प्रक्रिया आणि विक्री हे सगळे एकाच परवानाधारकाने स्वतः करायचे असते. नुसते दुकान किंवा नुसते शेत काढता येत नाही. कंपनीची राज्यात सलग ५ वर्षे नोंदणी असावी लागते, ५० लाख डॉलरचा हमी बाँड लागतो आणि २०२३ च्या फेरीत नुसते अर्जाचे शुल्क १,४६,००० डॉलर होते. अर्ज नाकारला गेला तरी ही रक्कम परत मिळत नाही.

दुसऱ्या टोकाला ओक्लाहोमा होता. जून २०१८ च्या मतदानानंतर तिथे २,५०० डॉलर भरले की लागवडीचा, प्रक्रियेचा किंवा दुकानाचा वैद्यकीय परवाना मिळे आणि संख्येला मर्यादा नव्हती. हजारो शेते उभी राहिली. मालकीचा ७५ टक्के हिस्सा राज्यातल्या रहिवाशांचा असावा ही अट पाळल्याचे दाखवायला नावापुरते मालक भाड्याने घेतले गेले, त्यातून फौजदारी खटले झाले, आणि ऑगस्ट २०२२ पासून नवे परवाने थांबले. ही बंदी पुढे ऑगस्ट २०२६ पर्यंत वाढवली गेली. 'स्थानिक माणसाचे नाव लावून देतो' असे सांगणारा दलाल भेटला, तर तो तुम्हाला याच खटल्यांच्या वाटेने नेतो आहे असे समजा.

वॉशिंग्टनने २०१२ च्या कायद्यातच उत्पादक आणि दुकानदार यांच्यात भिंत घातली. पिकवणाऱ्याला किंवा प्रक्रिया करणाऱ्याला दुकानात आर्थिक हितसंबंध ठेवता येत नाही. अर्जदाराने ६ महिने राज्यात राहिलेले असावे लागते. लागवडीचे तीन स्तर आहेत: २,००० चौरस फुटांपर्यंत, १०,००० पर्यंत आणि ३०,००० पर्यंत. न्यूयॉर्कनेही अशीच विभागणी केली आहे, मात्र छोट्या मायक्रोबिझनेसला पिकवण्यापासून विक्रीपर्यंत सगळे करू दिले जाते. कॅलिफोर्नियात मोठी कंपनी बहुतेक कामे एकत्र करू शकते, फक्त तपासणी प्रयोगशाळेच्या मालकाला दुसरा कोणताही परवाना मिळत नाही. तिथल्या मायक्रोबिझनेसला १०,००० चौरस फुटांखालची लागवड, साधी प्रक्रिया, वितरण आणि विक्री या चारपैकी किमान तीन कामे करावीच लागतात. दोनच करायची असतील तर हा प्रकार निवडू नका.

इलिनॉयचा अनुभव सोडतीच्या राज्यात अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने नीट पाहावा. २०१९ च्या कायद्याने ७५ नवे दुकान-परवाने १ मे २०२० पर्यंत द्यायचे ठरले होते. निवड अर्जाला मिळालेल्या गुणांवर होती. ९०० हून अधिक अर्जदारांतून फक्त २१ जणांना पूर्ण गुण मिळाले, बाकीच्यांपैकी अनेक जण कोर्टात गेले, नियम बदलून आणि परवान्यांची संख्या वाढवून २०२१ मध्ये तीन सोडती काढाव्या लागल्या आणि १८५ परवान्यांचे प्रत्यक्ष वाटप २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत अडकले. या दोन वर्षांत ज्यांनी जागा धरून ठेवली त्यांचे भांडवल भाड्यातच संपले. पुढे २०२३ च्या सोडतीत राज्याने अर्ज सोपा करून शुल्क २५० डॉलरवर आणले.

ओरेगॉनची गोष्ट वेगळी. तिथे पीक इतके झाले की भाव कोसळले. माल राज्याबाहेर नेता येत नसल्याने जादा पिकाला वाटच उरत नाही. २०२४ च्या कायद्याने आता २१ वर्षांवरच्या दर ७,५०० रहिवाशांमागे एक दुकान असे प्रमाण आल्याशिवाय नवे परवाने निघत नाहीत. अशा राज्यात चालू दुकान विकत घेणे एवढाच रस्ता उरतो, आणि खरेदीदाराचीही पूर्ण छाननी होते.

गावाचा होकार

राज्याने कायदा केला म्हणून प्रत्येक शहरात दुकान काढता येत नाही. कॅलिफोर्नियात निम्म्याहून अधिक शहरे आणि काउंट्या किरकोळ विक्रीला परवानगी देत नाहीत. न्यू मेक्सिकोत मात्र गावाला व्यवसायावर सरसकट बंदी घालता येत नाही, फक्त वेळ आणि अंतर ठरवता येते. न्यू जर्सीत नगरपालिकांना नकार कळवण्यासाठी २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत मुदत होती. होकार दिलेल्या गावातही नगरपालिकेचा पाठिंब्याचा ठराव मिळवावा लागतो, आणि कित्येक गावे दुकानांची संख्या ठरवून देतात.

न्यू जर्सीची सशर्त परवान्याची सोय लहान अर्जदाराला खरोखर उपयोगी आहे. शुल्क १०० डॉलरपासून सुरू होते आणि जागा हातात नसताना अर्ज करता येतो. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आहे: एकट्याचे वार्षिक २ लाख डॉलर, संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्यांचे ४ लाख. सशर्त परवाना मिळाल्यावर जागा, गावाचा ठराव आणि भांडवल जमवून वार्षिक परवान्यासाठी अर्ज करायला मूळ नियमात १२० दिवस दिले होते. बहुतेकांचे घोडे गावाच्या बैठकीपाशीच अडते, कारण झोनिंग मंडळाच्या (कुठल्या जागेत कोणता वापर चालेल ते ठरवणाऱ्या समितीच्या) तारखा तुमच्या मुदतीप्रमाणे लागत नाहीत. म्हणून सशर्त अर्ज टाकण्यापूर्वीच दोन-तीन गावांच्या क्लार्ककडे चौकशी करून ठेवा.

अंतर कुठून मोजायचे

शाळेपासूनच्या अंतराचा आकडा सगळे वाचतात, मोजण्याची पद्धत फार कमी जण वाचतात. कॅलिफोर्नियात ६०० फूट, आणि तेही शाळेच्या जमिनीच्या हद्दीपासून तुमच्या जमिनीच्या हद्दीपर्यंत सरळ रेषेत. स्थानिक प्रशासन वेगळे अंतर ठरवू शकते. वॉशिंग्टनमध्ये शाळा आणि खेळाच्या मैदानांपासून १,००० फूट. न्यूयॉर्कमध्ये २०२५ साली शाळेच्या आवारापासून ५०० आणि प्रार्थनास्थळापासून २०० फूट होते. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या नियामक कार्यालयाने मान्य केले की त्यांनी शाळेचे अंतर आवाराच्या हद्दीऐवजी दारापासून मोजले होते. राज्यानेच मंजूर केलेली सुमारे १५० दुकाने आणि अर्जदार त्यामुळे अडचणीत आले. भाडेकरारापूर्वी परवानाधारक सर्व्हेअरकडून नकाशा करून घ्या, आणि अंतर काठावर असेल तर ती जागा सोडा. करारात 'परवाना न मिळाल्यास करार रद्द, अनामत परत' हे कलम हवेच. जागेवर बँकेचे कर्ज असेल तर मालकाच्या कर्जाचे कागदही पाहा, कारण गांजा व्यवसायाला भाड्याने दिल्यास कर्ज परत मागण्याची अट त्यात असू शकते.

कागदपत्रे: कॅलिफोर्नियाचा नमुना

कॅलिफोर्नियाची यादी हाताशी असली की इतर राज्यांच्या यादीतला बराचसा भाग तयार असतो. जुलै २०२१ पासून तिथे कॅनाबिस नियंत्रण विभाग हे एकच खाते आहे. अर्जाचे शुल्क १,००० डॉलर. वार्षिक शुल्क वेगळे, उलाढालीवर किंवा लागवडीच्या आकारावर. लागणारी कागदपत्रे अशी: कंपनी स्थापनेचे दस्त आणि मालकीचा तक्ता, फेडरल कर क्रमांक, विक्रीकर खात्याचा सेलर्स परमिट, जागामालकाचे संमतीपत्र, ५,००० डॉलरचा हमी बाँड, स्थानिक परवानगी, पर्यावरण कायद्याची पूर्तता दाखवणारा कागद, कामाच्या पद्धतीचे लेखी वर्णन आणि जागेचा आराखडा. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामगार संघटनेशी शांतता करार (संघटना बांधणीत अडथळा न आणण्याचा) लागतो. लागवड असेल तर पाण्याचा स्रोत आणि जल मंडळाकडची नोंद.

अर्ज परत येण्याची कारणे बहुधा साधी असतात. २० टक्के किंवा अधिक हिस्सा असलेला प्रत्येक जण 'मालक' धरला जातो, आणि हिस्सा नसला तरी कारभार चालवणाराही. त्यातल्या एकाचे बोटांचे ठसे राहिले की फाइल थांबते. आराखडा प्रमाणात काढलेला हवा आणि त्यावर हायलाइटर मारलेला चालत नाही. दारे, कॅमेरे, माल ठेवण्याची खोली सगळे त्यात दिसले पाहिजे. आराखड्यातला पत्ता, भाडेकरारातला पत्ता आणि स्थानिक परवानगीतला पत्ता गाळा क्रमांकासह एकसारखा लिहा. पर्यावरणाच्या कागदाला सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून तो शहराच्या परवानगीसोबतच मागून घ्या.

एका राज्याचा सुरक्षा आराखडा दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा जोडू नका. कॅमेऱ्याचे चित्रण कॅलिफोर्नियात ९० दिवस जपायचे असते, वॉशिंग्टनमध्ये ४५, कोलोरॅडोत ४०. साठवणुकीचे यंत्र कमी क्षमतेचे घेतले की पहिल्याच तपासणीत त्रुटी निघते.

बँक आणि कर

भांडवलाचा पुरावा म्हणजे नुसता बँक शिल्लकेचा कागद नाही. पैसा कुठून आला ते विवरणपत्रे, घरविक्रीचे कागद, भेट म्हणून मिळालेल्या पैशांची पत्रे लावून दाखवावे लागते. फिनसेन या आर्थिक गुन्ह्यांवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल यंत्रणेच्या फेब्रुवारी २०१४ च्या मार्गदर्शनानुसार खाते देणाऱ्या बँकेला अशा ग्राहकाबद्दल सरकारकडे अहवाल पाठवत राहावे लागते, त्यामुळे थोड्याच बँका आणि क्रेडिट युनियन हे काम करतात. खाते उघडण्याची बोलणी अर्जासोबतच सुरू करा. धंदा बुडाला तर फेडरल दिवाळखोरी न्यायालयाचे संरक्षणही गांजा व्यवसायाला मिळत नाही.

कर कायद्याचे कलम २८०ई शेड्यूल १ आणि २ मधल्या पदार्थांच्या व्यापाराला मालाच्या खरेदी-उत्पादन खर्चाशिवाय कोणतीही वजावट देत नाही. समजा विक्री १० लाख डॉलर, मालाचा खर्च ६ लाख, भाडे-पगार ३ लाख. खरा नफा १ लाख, पण कर ४ लाखांवर. कंपनीच्या २१ टक्के दराने ८४,००० डॉलर गेले आणि हातात १६,००० उरले. गांजा कमी कडक अशा शेड्यूल ३ मध्ये नेण्याचा प्रस्ताव मे २०२४ मध्ये निघाला, म्हणून आर्थिक आराखडा करताना त्या दिवशी कोणती स्थिती लागू आहे ते करसल्लागाराकडून तपासून घ्या. राज्याचा कर त्यावर वेगळा, आणि तो वॉशिंग्टनमध्ये किरकोळ विक्रीवर ३७ टक्के आहे.

परवाना हातात आल्यावर

कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, मिशिगन यांसारख्या अनेक राज्यांत प्रत्येक रोप आणि पाकीट मेट्रक या प्रणालीत टॅग लावून नोंदवावे लागते. प्रत्यक्ष साठा आणि नोंद जुळली नाही की दंड होतो किंवा परवाना निलंबित होतो. नूतनीकरणाची तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवा: कॅलिफोर्नियात परवाना १२ महिन्यांचा असतो, अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. मुदत संपल्यानंतर ३० दिवसांत केला तर ५० टक्के विलंब शुल्क पडते, आणि नूतनीकरण होईपर्यंत दुकान बंद ठेवावे लागते.