समुद्रकाठच्या शहरात भाड्याने घर घेण्याआधी

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांची पहिली अट एकच असते: खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे. अट चुकीची नाही. पण भाड्याची घरं शोधून देता देता आमच्या लक्षात आलंय, की समुद्र पाहण्याची हौस दोन-तीन महिन्यांत भागते आणि कामावरून आल्यावर संध्याकाळ कुठे घालवायची हा प्रश्न तेवढा मागे उरतो. घर बघायला निघण्याआधी हे पत्रक एकदा वाचा.

आधी बिजागरी, मग देखावा

लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वारा उचलून आणतो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून दुपारभर वारा समुद्राकडून घरात येतो आणि सोबत मीठ आणतो. किनाऱ्यापासून आत गेलं की हे प्रमाण झपाट्याने उतरतं. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतल्या घरांची आम्ही शिफारस करतो ती याचसाठी.

घर बघताना भिंतीच्या रंगावर जाऊ नका, तो बऱ्याचदा नुकताच मारलेला असतो. खिडकीच्या बिजागरीवर बोट फिरवा. तांबूस भुकटी लागली तर गॅलरीत जाऊन वरच्या स्लॅबची खालची बाजू पाहा. सळईच्या रेषेत तपकिरी डाग किंवा भेग आहे का? काँक्रीटमध्ये क्षार झिरपले की सळई गंजते, गंज मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि वरचा थर सुटायला लागतो. तिथे ठोकलं की बद्द आवाज येतो. अशा घराचा करार दुरुस्तीचं लेखी घेतल्याशिवाय आम्ही करत नाही.

कठडा स्टेनलेस स्टीलचा असेल तर प्रत विचारा. ३०४ ही नेहमीची प्रत खाऱ्या हवेत लवकर डागाळते. ३१६ मध्ये सुमारे २ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, ती जास्त टिकते. लोहचुंबक खिशात घेऊन येणाऱ्यांना नम्र सूचना: या दोन्ही प्रती चुंबकाला जवळपास सारखीच दाद देतात, म्हणजे फारशी देत नाहीत. एसीच्या बाहेरच्या युनिटवर मात्र अधूनमधून साधं गोडं पाणी मारा, आधी वीज बंद करून.

एकदा आम्हीही चुकलो. समुद्रासमोरचं घर एका कुटुंबाला मोठ्या कौतुकाने दिलं, त्यांची पेटी आणि पुस्तकांचं कपाट बाहेरच्या भिंतीला लागून ठेवायलाही मदत केली. वर्षाच्या आत पेटीच्या पट्ट्या दमटपणाने फुगून अडकू लागल्या, पुस्तकांच्या पाठींवर बुरशी आली. तेव्हापासून सामान लावून देताना कपाट आणि बाहेरची भिंत यांत चार बोटं अंतर ठेवायचं आम्ही विसरत नाही. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशी सहसा धरत नाही.

उधाणाच्या दिवशी या

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती येते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती असते. पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी गटारं भरतीच्या पातळीखाली गेली की पाण्याला वाट उरत नाही. उधाण आणि जोराचा पाऊस एकत्र आले, की सखल गल्लीचा खरा स्वभाव कळतो. जमल्यास घर त्या दिवशी बघा. नाहीच जमलं तर तळमजल्याच्या भिंतीवरची ओलीची रेघ कुठपर्यंत आहे ते पाहा आणि शेजाऱ्यांना विचारा. मालकाला विचारून उपयोग नाही.

नाटक सुटल्यावर घरी कसे येणार?

हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो आणि बरेच जण गोंधळतात. शहर वाढतं तेव्हा इमारती आधी उभ्या राहतात, मग पाणी आणि बस येते, वाचनालय आणि नाट्यगृह सर्वांत शेवटी. जुन्या बंदरांच्या शहरांत गलबतांबरोबर नाना भाषांची माणसं आली, त्यांची गाणी, खेळ आणि प्रार्थनास्थळं जुन्या वस्तीतच रुजली. शहराच्या टोकाला स्वस्तात मोठं घर मिळेलही, पण शेवटची बस प्रयोग संपण्याआधी सुटत असेल तर तिकीट काढणं दोन महिन्यांत बंद होतं. शेवटच्या बसची वेळ आम्ही घराच्या माहितीसोबत लिहून देतो.

'पुढे इथे समुद्रकाठचा रस्ता होणार' असं कुणी सांगितलं तर विकास आराखडा मागा. किनारे बदलतात, हे खरं. बार्सिलोनात १९९२च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने कारखान्यांच्या आणि रुळांच्या जागी पुळणी तयार झाल्या. सिडनीत १९७३ साली ऑपेरा हाऊस सुरू झालं, त्या जागी पूर्वी ट्रामचं आगार होतं. पण उद्याच्या रस्त्याचं भाडं आज देऊ नका.

पोहायला जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. फुटणाऱ्या लाटांमधला शांत दिसणारा पट्टा मोहात पाडतो, तिथेच पाणी आत ओढणारा प्रवाह असू शकतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. लाल-पिवळी निशाणं असतील तर त्यांच्या मधल्या पाण्यातच उतरा.

पहिल्या भेटीला येताना कामाचा पत्ता आणाच, पण घरातल्या प्रत्येकाची संध्याकाळ कशात जाते तेही कागदावर लिहून आणा. मुलीचा तबल्याचा क्लास, आजोबांचं फिरणं, तुमचं पोहणं, सगळं. घरं आम्ही त्या कागदावरून काढतो आणि प्रत्येक घर दोनदा दाखवतो: एकदा भर दुपारी, एकदा रात्री नऊनंतर.