रीफ टँकमधील शेवाळाचा उपद्रव

जिवंत प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ किंवा शेवाळासारखे दिसणारे सूक्ष्मजीव बेसुमार वाढून खडक, वाळू आणि अखेर प्रवाळही झाकून टाकतात, तेव्हा त्याला शेवाळाचा उपद्रव म्हणतात. शेवाळ अजिबात नाही अशी टाकी मात्र नसते. प्रवाळांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणारे झूझँथेली स्वतःच डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांच्या गटातले आहेत, आणि खडकांवर चढणारा जांभळट कोरलाइन शैवालाचा थर तर हौशी मंडळी मुद्दाम वाढवतात. नवीन टाकीत पहिल्या काही महिन्यांत तपकिरी, मग हिरवा थर येऊन जातो. तो उपद्रवात धरू नये.

पुण्यात या प्रश्नाचे मूळ बहुतेकदा पाण्यात सापडते. इथे समुद्र हाताशी नाही, त्यामुळे लिटरला साधारण ३५ ग्रॅम कृत्रिम समुद्री मीठ विरघळवून पाणी तयार करावे लागते. म्हणजे मूळचे गोडे पाणी जसे, तशी टाकी. महापालिकेचे पाणी खडकवासला धरणसाखळीतून येते. उपनगरांतल्या अनेक सोसायट्या मात्र टँकर आणि बोअरवर चालतात. दख्खनच्या बेसाल्टमधून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असते, शिवाय भागानुसार नायट्रेटही. सिलिका हे डायटमचे, म्हणजे वाळूवर बसणाऱ्या तपकिरी भुकटीचे बांधकाम साहित्य. स्वयंपाकघरातला आरओ इथे पुरत नाही. चवीसाठी त्यात थोडे क्षार मुद्दाम राखलेले असतात. आरओनंतर उरलेले आयन शोषणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा लागतो, आणि रेझिन संपत आले की सिलिका सर्वांत आधी निसटते. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर तेव्हाही शून्यच दाखवत असतो, कारण सिलिकाचे आयन फारसे होत नाहीत. मीटर शून्य आणि वाळू तपकिरी, असे दिसले की रेझिन बदलून पाहावे.

पुण्याचा कोरडा उन्हाळा यात भर घालतो. एप्रिल-मेमध्ये टाकीचे पाणी झपाट्याने उडते. समजा २०० लिटरच्या टाकीतून रोज ३ लिटर उडाले आणि तेवढे नळाचे पाणी घातले, तर सव्वादोन महिन्यांत पूर्ण टाकीभर नळाचे पाणी आत जाते. त्यातले पाणी उडते; नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका मागे राहतात. भरीच्या पाण्याकडे होणारे हे दुर्लक्ष जास्त खाऊ घालण्याइतकेच महागात पडते. (दिवाळीला गावी जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली देणाऱ्यांनी खाद्याच्या रोजच्या पुड्या बांधून द्याव्यात, डबा देऊ नये.)

उपायाआधी ओळख पटवणे आवश्यक असते, कारण एकाचे औषध दुसऱ्याचे खाद्य ठरते. हिरवे केसाळ शेवाळ हाताने ओढले की झुबके निघतात. ब्रायॉप्सिस तसेच दिसते, पण जवळून पाहिल्यास प्रत्येक दांडीला पिसासारख्या फांद्या असतात. व्हॅलोनियाचे चकचकीत हिरवे फुगे म्हणजे प्रत्येकी एकच पेशी. ते टाकीतच फोडण्यापेक्षा बुडखा सैल करून नळीने ओढून काढणे बरे. लालसर-जांभळी, चादरीसारखी निघणारी साय हे शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया असतात. बुडबुडे अडकलेले तपकिरी तंतू दिसले तर डायनोफ्लॅजेलेटचा संशय घ्यावा. खात्रीसाठी तो गाळ टाकीच्या पाण्यासह बाटलीत घेऊन जोरात हलवतात, कॉफी फिल्टरच्या कागदातून गाळतात आणि गाळलेले पाणी दिव्याखाली ठेवतात. तासाभरात त्यात पुन्हा तंतू जुळले, तर ते डायनो.

केसाळ शेवाळामागे जवळजवळ नेहमी नायट्रेट आणि फॉस्फेट असतात. चाचणीत फॉस्फेट कमी आले म्हणून निश्चिंत होता येत नाही: शेवाळाने ते आधीच खाऊन टाकलेले असते, आणि खडकही फॉस्फेट धरून ठेवून पाण्यातले प्रमाण उतरले की परत सोडतात. म्हणून शेवाळ आधी हाताने उपटून टाकीबाहेर काढायचे. आत मारून सोडले तर त्यातली पोषकद्रव्ये आतच राहतात. मग पाणी बदलणे, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र), संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत, दिव्याखाली वाढवलेले चेटो शैवाल, गरजेप्रमाणे आयर्न ऑक्साइडचे फॉस्फेट शोषक. टर्बो व ट्रोकस गोगलगायी आणि टँग मासे उरलेले चरतात, पण लांब वाढलेल्या केसांना गोगलगायी सहसा तोंड लावत नाहीत.

पोषकद्रव्ये शून्यावर आणण्याचा हट्ट मात्र अंगाशी येतो. स्पर्धक शेवाळ आणि जिवाणू उपाशी पडले की मोकळ्या जागेत डायनो माजतात. त्यांतल्या ऑस्ट्रिऑप्सिसच्या विषाने गोगलगायी मरतात. इथे उपाय उलटा असतो: नायट्रेट ५ पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ५ भाग) आसपास आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत वर आणायचे. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, त्यामुळे पाणी ज्याच्याजवळून फिरवतात त्या यूव्ही (अतिनील) दिव्याला सापडतो. ॲम्फिडिनियम वाळूतच राहतो, त्याला यूव्हीचा उपयोग होत नाही. तीन दिवस टाकी अंधारात ठेवण्याचा उपायही करतात, पण मरणारे जीव पाण्यातला प्राणवायू ओढतात. हा प्रयोग विजेची देखभाल-दुरुस्ती असणाऱ्या गुरुवारी करू नये; निदान हवेचा पंप तरी इन्व्हर्टरवर असावा.

ब्रायॉप्सिसवर बुरशीविरोधी फ्लुकोनॅझोल चालते. हौशी वर्तुळात रूढ असलेले प्रमाण लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे २०० लिटरला एक ग्रॅम. त्या काळात औषध शोषून घेणारा फिल्टरमधला कार्बन काढून ठेवतात आणि दोन-तीन आठवडे वाट पाहतात. सायनोवर एरिथ्रोमायसिन वापरतात. हे औषध प्रतिजैविक असल्याने आणि उपद्रवाचे मूळ कारण तसेच राहत असल्याने हा शेवटचा पर्याय समजावा. आधी साय नळीने ओढावी आणि प्रवाह वाढवून पाहावे.

भारतात प्रस्तरनिर्माते प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे समुद्रातून उचललेला जिवंत खडक, म्हणजे जिवाणू व इतर जीव वसलेला खडक, हा कायदेशीर पर्याय नाही. कोरड्या खडकावर सुरुवात केलेल्या टाकीत जिवाणूंची वस्ती बसायला वेळ लागतो आणि सुरुवातीची शेवाळाची लाट लांबते. उपद्रवी जाती नंतर शिरतात त्या मुख्यत्वे दुसऱ्याच्या टाकीतून आलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांबरोबर. तुकडा ज्या चकतीवर चिकटवलेला असतो तिच्या खाचेत ब्रायॉप्सिसचा एखादा धागा पुरतो. म्हणून तुकडा चकतीपासून कापून नव्या चकतीवर लावतात आणि काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात.